बाम्बेर्गची धुराची बिअर अन् वऱ्हाडातले रोडगे

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे एका आजोबांची जुनी ओपेल उभी असते. मागच्या काचेवर लाल-पांढरा स्टिकर, त्यावर लिहिलंय 'फ्राय श्टाट बायर्न'. २०१६ मधे मी जर्मनीत एरलांगनला नवीन नवीन आलो तेव्हा माझं जर्मन म्हणजे बेकरीत ब्रेड मागण्यापुरतं, मला वाटलं हे तर बव्हेरियाचं सरकारी नावच आहे, 'फ्रायश्टाट बायर्न', बव्हेरियाचं मुक्त राज्य, आजोबा सरकारी नोकरीत असतील, आपल्याकडे नाही का लोक रिटायर झाल्यावरही गाडीवर 'महाराष्ट्र शासन' ठेवतात. सहाएक महिन्यांनी ऑफिसमधल्या एकानं हसत हसत सांगितलं की नीट वाच, मधे जागा सोडलीय अन् स्पेलिंग जरा बदललंय, त्यामुळे अर्थ झालाय 'बव्हेरिया नको, मोकळे बरे'.

मी अमरावतीचा आहे. मला यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती.

पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. न्यूर्नबर्ग, बाम्बेर्ग, बायरॉइट, वुर्त्सबुर्ग हा जो पट्टा आहे याला फ्रांकन म्हणतात. नकाशात हा बव्हेरियात येतो, पण इथल्या माणसाला एकदा बव्हेरियन म्हणून बघा. नेपोलियनच्या धामधुमीत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तुकड्या-तुकड्यांनी हा मुलूख बव्हेरियाला जोडला गेला, त्याला दोनशे वर्षं होऊन गेली, राग काही गेलेला नाही. बाम्बेर्गच्या कॅथेड्रलचा खजिना म्युनिकला, म्हणजे बव्हेरियाच्या राजधानीला गेला, सम्राट हाइनरिशच्या नावानं ओळखला जाणारा मुकुट आजही तिथल्याच राजवाड्यात आहे. ड्यूरर हा चित्रकार न्यूर्नबर्गचा, पण त्याचं १५०० सालचं ते फेमस सेल्फ-पोर्ट्रेट म्युनिकच्या म्युझियममधे, अन् २०१२ मधे न्यूर्नबर्गनं प्रदर्शनासाठी थोडे दिवस मागितलं तर चित्र नाजूक आहे म्हणून दिलं नाही. लोक हे अशा आवाजात सांगतात जसं शेजारणीनं नेलेली कढई परत केली नाही. मग समजूत काढायला म्हणून असेल, म्युनिकच्या सरकारनं २०१४ मधे एका मंत्रालयाचं ऑफिस न्यूर्नबर्गला उघडलं, मंत्रालयाचं नाव काय तर 'हाइमाट', म्हणजे आपली माती, आपलं गाव वगैरे. हे वाचलं तेव्हा मी ट्रेनमधे एकटाच हसत बसलो. १९५३ चा नागपूर करार, दर वर्षीचं हिवाळी अधिवेशन, चार दिवस हुरडा अन् संत्रा बर्फी, अन् मग सगळे आपापल्या गाड्यांनी मुंबईला परत. आता तर २०१८ पासून बव्हेरियाचा मुख्यमंत्रीच न्यूर्नबर्गचा आहे, तरी तक्रार तशीच. मुख्यमंत्री आपल्याकडचा झाला म्हणून तक्रार कमी होत नसते, हे निदान आम्हाला तरी कोणी शिकवू नये.

तर हा जो काय राग आहे, अभिमान आहे, तो इथे सगळा बिअरमधे उतरलाय.

फ्रांकनच्या तीन भागांपैकी एक ओबरफ्रांकन. लोकवस्ती दहा लाखांच्या जरा वर, क्षेत्रफळ आपल्या अमरावती जिल्ह्याच्या साठ टक्के भरेल, अन् ब्रुअरीज दीडशेच्या वर. माणशी ब्रुअरीज मोजल्या तर जगात एवढ्या दाटीनं कुठेच नाहीत असं इथले लोक सांगतात, अन् हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. मी अशी गावं बघितलीत जिथे किराणा दुकान बंद पडलंय, पण चर्च आहे अन् चर्चच्या समोर ब्रुअरी आहे. ब्रुअरी म्हणजे डोळ्यासमोर फॅक्टरी आणू नका, घराच्या मागे दोन टाक्या, पुढे खाणावळ, मालक स्वतः बिअर करतो, बायको किचन बघते, पोरगी ग्लास आणून देते, अन् ती बिअर त्या गावाच्या बाहेर फार तर पाच-दहा किलोमीटर जाते. तुम्हाला प्यायची असेल तर तुम्ही यायचं.

मी आलो त्याच वर्षी म्युनिककडे मोठा उत्सव चालू होता, बिअरच्या शुद्धतेच्या कायद्याला ५०० वर्षं. १५१६ मधे बव्हेरियाच्या ड्यूकनं इंगोलश्टाटला हुकूम काढला होता की बिअरमधे बार्ली, हॉप्स अन् पाणी याशिवाय काही घालायचं नाही. पेपरात पुरवण्या, टपाल तिकीट, सगळं. आमच्या टीममधला बाम्बेर्गचा एक जण कॉफी मशीनपाशी अगदी वैतागून म्हणाला, यांना कळतं का काही, आमच्या बिशपनं हा नियम १४८९ मधेच केला होता. सत्तावीस वर्षं आधी! त्यानं हे सत्तावीस असं काही सांगितलं की जणू तो स्वतः तिथे उभा होता. मला आपली मिसळ आठवली, नाशिकवाले, कोल्हापूरवाले, पुणेवाले, अन् कोपऱ्यात आम्ही तर्री-पोहेवाले जे म्हणतात की चालू द्या तुमचं.

फ्रांकन लोकांचं बोलणं पण सांगायला हवं. यांना 'प', 'ट', 'क' जमत नाही, सगळ्याचं 'ब', 'ड', 'ग' करतात. अर्ध्या लिटरच्या बिअरला 'सायडला' म्हणतात, अन् कौतुकाचा सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'बस्ड शो'. शब्दशः 'ठीक आहे'. बायकोनं केलेलं जेवण, पोराचे मार्क, नवीन गाडी, सगळं 'बस्ड शो'. त्यांची म्हणच आहे की शिव्या दिल्या नाहीत म्हणजे स्तुतीच झाली. पुण्याच्या काकांना इथे आणून सोडलं तर चार दिवसात नागरिकत्व मिळेल.

२०२३ च्या जूनमधे आई-बाबा आले. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले, वर्षातून दोन-तीनदा मित्रांसोबत एखादी बिअर, ती पण घरी न सांगता, म्हणजे घरी सगळ्यांना माहीत असताना न सांगता. पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे झाल्यावर म्हणाले आता तुह्या इकडचं दाखव काही. मी त्यांना बाम्बेर्गला नेलं, एरलांगनहून रिजनल ट्रेननं अर्धा-पाऊण तास. सात टेकड्यांवर वसलेलं जुनं गाव, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत, नदीच्या मधोमध उभा असलेला टाउन हॉल, आईला ते फार आवडलं. कॅथेड्रल झालं. मग दुपारी मी त्यांना श्लेंकरलामधे घेऊन गेलो.

श्लेंकरला ही कॅथेड्रलच्या खालच्या गल्लीतली जुनी खानावळ, त्या घराचा उल्लेख १४०५ पासून सापडतो. आत काळी पडलेली लाकडी तुळयांची खोली, बाकडी, लाकडी पिंपातून बिअर ग्लासात पडते, गॅसचा दाब वगैरे काही नाही, आपल्या माठाला तोटी असते तसं. इथली बिअर म्हणजे राउखबिअर, धुराची बिअर. रंग गडद तांबूस-तपकिरी, वरती फेस, अन् नाकाजवळ नेली की वासानं माणूस मागेच सरकतो. शेजारच्या बाकावर एक अमेरिकन जोडपं होतं, त्यातला तो प्रत्येक घोटानंतर मोबाईलमधल्या ऍपवर मार्क टाकत होता, तो बायकोला म्हणाला, बेकन, प्युअर बेकन. जर्मन लोक पण हेच म्हणतात, धुरावर वाळवलेल्या डुकराच्या मांसाचा वास. आई एवढं ऐकूनच खुर्ची जरा लांब करून बसली.

बाबांनी ग्लास उचलला, वास घेतला, एक घोट घेतला, मिश्या पुसल्या, परत वास घेतला. मी वाट बघत होतो की आता म्हणणार, घे बाबा तुझी तूच.

"अबे," बाबा म्हणाले, "याले तर रोडग्याचा वास येऊन राहिला."

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी, रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, शेतात गोवऱ्यांचा आर करून त्यात भाजायचे, त्याच आरात वांगी टाकायची, वांग्याचं साल जळून काळं झालं की काढून त्याचं भरीत, रोडग्याची राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचा. थंडीत आमच्या शेतावर वर्षातून एकदा तरी हा कार्यक्रम होतोच, अन् तो धूर कपड्यांना, केसांना, दुसऱ्या दिवशी आंघोळ होईपर्यंत चिकटलेला असतो. बाबांनी परत घोट घेतला. मी पण घेतला. गेली सात वर्षं मी ही बिअर पीत होतो अन् सगळ्यांसारखं मीही बेकन बेकन करत होतो, ज्या माणसानं आयुष्यात बेकन खाल्लं नाही तो. भरताचाच वास होता तो. साल जळलेल्या वांग्याचा.

त्यानंतर बाबा पेटले. इंजिनियर माणूस, त्यांना कळायलाच पाहिजे हे होतं कसं. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, की बार्ली भिजवतात, मोड आणतात, आपण मटकीला आणतो तसे, मग ते मोड आलेलं धान्य वाळवावं लागतं, अन् पूर्वी सगळीकडेच ते विस्तवावर वाळवायचे, म्हणून पूर्वी बहुतेक बिअरला थोडाफार धुराचा वास असायचाच. पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या, धूर बाजूला गेला, सगळ्या जगानं हुश्श केलं. बाम्बेर्गमधे मात्र हे श्लेंकरला अन् दुसरं श्पेत्सियाल, या दोघांनी लाकूड सोडलं नाही, अजूनही बीचच्या लाकडाचा विस्तव करून त्याच्या धुरावर आपलं धान्य स्वतः वाळवतात. बाबांचे प्रश्न, लाकूड ओलं का वाळलेलं? बाभूळ चालेल का? धान्य जाळीवर ठेवतात का? वाढणाऱ्या बाईंना मी भाषांतर करून विचारलं तर त्या म्हणाल्या की ख्रिसमसच्या वेळची स्ट्राँग बिअर असते तिला ओकचं लाकूड वापरतात, त्याचा धूर मऊ असतो. बाबा म्हणाले, म्हणजे बाभूळ चालत असणार. हे कुठून काढलं माहीत नाही.

तिकडे अमेरिकनानं अर्धा ग्लास सोडून मार्क टाकले अन् बिल मागितलं. इथे एक सांगतात की पहिल्या ग्लासात बिअर आवडत नाही, दुसऱ्यात समजते, तिसऱ्याला उठवत नाही. बाबांना पहिल्यातच समजली होती. वाढणारी बाई प्रत्येक ग्लासमागे ग्लासखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं एक रेघ मारत होती, शेवटी रेघा मोजून हिशेब करतात, मशीन नाही काही नाही. हा पुठ्ठा बाबांना एवढा आवडला की पैसे दिल्यावर त्यांनी तो मागून घेतला अन् शर्टाच्या खिशात टाकला.

पुढच्या रविवारी फोर्खहाइमला केलरवर गेलो. केलर म्हणजे तळघर, पण फ्रांकनमधे केलर'मधे' जात नाहीत, केलर'वर' जातात. टेकडीच्या पोटात दगड खोदून लांबच लांब बोगदे केलेत, फ्रिज नव्हते तेव्हा बिअर उन्हाळ्यात थंड ठेवायला, अन् टेकडीवर ऊन लागू नये म्हणून मोठी झाडं ठेवली, मग लोक म्हणाले बिअर इथेच आहे अन् सावली पण इथेच आहे तर घरी कशाला न्यायची. तिथेच बाकं टाकली. फोर्खहाइमच्या केलरवाल्डमधे एकाशेजारी एक असे वीसेक केलर आहेत, जंगलात. जुलैच्या शेवटी तिथे आनाफेस्ट असतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, पण साध्या रविवारी दुपारी घरची माणसं, पोरं, आज्या, कुत्री, पत्त्यांचे डाव. अन् बऱ्याच ठिकाणी जुना रिवाज असा की बिअर आमच्याकडून घ्या, खायला घरून आणलं तरी चालेल. लोक टेबलावर टेबलक्लॉथ अंथरून मुळा, ब्रेड, चीज काढतात.

हे ऐकल्यावर आईचा चेहरा उजळला. जर्मनीत पहिल्यांदा तिला काहीतरी शहाणपणाचं ऐकायला मिळालं होतं. सकाळी उठून थालीपिठं, ठेचा, दही, वर शेंगदाण्याची चटणी, स्टीलच्या डब्यात. तिथे गेल्यावर मी तिला त्यांचं त्सीबलेसकेस पण घेऊन दिलं, म्हणजे चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात कांदा अन् हिरवी पात, तिनं थालीपिठाला लावून खाल्लं अन् म्हणाली, मीठ कमी आहे.

आमच्याच टेबलावर एक ऐंशीच्या आसपासचे आजोबा होते, बायर्सडॉर्फचे. बायर्सडॉर्फ हे एरलांगन अन् फोर्खहाइमच्या मधलं छोटं गाव, हॉर्सरॅडिशसाठी प्रसिद्ध, ती मुळी किसून खातात अन् ती थेट नाकातून डोक्यात जाते, गावात त्याचं म्युझियमसुद्धा आहे. आजोबा डब्याकडे बघत होते. आईनं अर्थातच न विचारता अर्धं थालीपीठ अन् त्यावर ठेच्याचा गोळा त्यांच्यापुढे सरकवला. मी घाबरून सांगायला लागलो की सांभाळून, तिखट आहे, पाणी घ्या. त्यांनी हातानंच मला गप्प केलं, ठेचा पूर्ण खाल्ला, थालीपीठ खाल्लं, बिअरचा एक घोट घेतला, अन् समोरच्या झाडाकडे बघत म्हणाले, "बस्ड शो."

आईनं विचारलं काय म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे म्हणाले. आईचं तोंड एवढंसं झालं. मग मला दहा मिनिटं लागली समजवायला की बाई गं, याच्यापुढे यांच्याकडे शब्दच नाही.

हे सगळं वाचून कोणी यायचा विचार करत असेल तर अजून एक-दोन ठिकाणं. आउफझेस नावाची ग्रामपंचायत आहे म्हणा, तेराशेच्या आसपास लोक अन् चार ब्रुअरीज, त्यासाठी गिनीज बुकात नाव आहे. चारही ब्रुअरीज जोडणारी चौदाएक किलोमीटरची पायवाट आहे, प्रत्येक ठिकाणी शिक्का घ्यायचा, चार शिक्के झाले की सर्टिफिकेट. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं ते सर्टिफिकेट ऑफिसच्या डेस्कवर डिग्रीच्या शेजारी आहे. दुसरी ग्रेफेनबर्ग बाजूची पाच ब्रुअरीजची वाट, नावच 'पाच सायडलांची वाट', अंतर साधारण दहा किलोमीटर, न्यूर्नबर्गहून छोटी ट्रेन जाते. २०१९ मधे आम्ही सहा मराठी पोरं गेलो होतो, तिसऱ्या सायडलानंतर गोनीदांचे वंशज असल्यासारखं चालत होतो, चौथ्यानंतर वाटेवरच्या खुणा दिसेनात, अन् पाचव्या गावाचं नाव मी फक्त फोटोत बघितलंय. वाट खरं तर उलट्या बाजूनं करायला पाहिजे, म्हणजे शेवटी स्टेशन जवळ पडतं, हे आम्हाला स्टेशनवर कळलं.

अन् महत्त्वाचं म्हणजे सुट्टीचा वार बघून जा. एकदा आम्ही दोन बस बदलून, वर चार किलोमीटर उन्हात चालून एका गावात पोचलो, दारावर पाटी, 'आज बंद'. नेटवर काही नाही, फोन उचलत नाहीत. खिडकीतून मालकीण बाई दिसल्या, आत बसून वाटाणे सोलत होत्या, त्यांनी पण आम्हाला बघितलं, मान हलवली अन् परत सोलायला लागल्या. परतीची बस साडेतीन तासांनी. पुण्यात दुपारी १ ते ४ दुकानाचं शटर बघून चिडणाऱ्यांनी इथे एकदा यावं. त्या दिवशी फार राग आला होता, पण आता विचार केला तर त्या बाईंना आपण टुरिस्टसाठी आहोत असं वाटतच नाही, अन् त्यामुळेच तर तिथली बिअर तशी आहे.

कारण टुरिझम आता वाढतोय हे दिसतंच. इंग्लिशमधे मेनू आलेत, बाम्बेर्गमधे शनिवारी बॅचलर पार्ट्यांची पोरं एकसारखे टीशर्ट घालून फिरतात. अन् 'क्राफ्ट बिअर' हा शब्द. इथल्या गावातल्या ब्रुअरला क्राफ्ट म्हटलं की तो खांदे उडवतो, त्याच्या आजोबांनी पण असंच केलं, त्यांच्या आजोबांनी पण, त्यात क्राफ्ट काय अन् नॉन-क्राफ्ट काय. ऍपवर मार्क टाकणाऱ्या लोकांना दर वेळी नवीन चव पाहिजे असते, आंबा घातलेली, कॉफी घातलेली, अन् हा माणूस चाळीस वर्षं एकच बिअर करतोय, ती अजून बरी कशी होईल एवढंच बघतोय. किंमत पण बघा, गावात सायडला तीन-साडेतीन युरोला मिळतो, म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमधे लिटरचा मग पंधरा युरोच्या घरात गेलाय. ही तुलना इथे कोणीही न विचारता ऐकवतो.

पण नुसता अभिमान पुरत नाही हेही डोळ्यांनी बघितलंय. एरलांगनची स्वतःची किट्समान ब्रुअरी होती, १७१२ पासूनची, गावाच्या मधोमध, उकळत्या माल्टचा, म्हणजे त्या मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोडसर वास ऑफिसला जाताना यायचा, चिक्की करताना येतो त्याच्या जवळपासचा. २०१८ मधे ती बंद झाली, नाव कुल्मबाखच्या मोठ्या ब्रुअरीनं घेतलं. लोक खूप हळहळले. हळहळणाऱ्यातले किती जण रोज सुपरमार्केटातून स्वस्तातली क्रेट नेत होते ते विचारू नका, मी पण त्यातलाच. आता बेर्गवर, म्हणजे १७५५ पासून भरणारी आमची एरलांगनची जत्रा, बारा दिवस सगळं गाव टेकडीवर असतं, तिथे हातात मग असतो पण तो वास काही सकाळी येत नाही.

गावातल्या ब्रुअरीजचं पण तेच दुखणं आहे, पोरगा न्यूर्नबर्गला नोकरी करतो, पहाटे चारला उठून टाकी कोण धुणार. अशा ठिकाणी शनिवार-रविवारचे पायी फिरणारे लोक येतात म्हणून खानावळ तरी चालते. म्हणून मी त्या शिक्केवाल्या वाटांना नावं ठेवत नाही. फक्त जाताना चार टेबलं अडवून आरडाओरडा करू नका, अन् कोपऱ्यात 'श्टामटिश' लिहिलेलं टेबल असेल तर तिथे बसू नका, ते गावच्या म्हाताऱ्यांचं ठरलेलं टेबल असतं, रिकामं असलं तरी.

आता मला दर वेळी कोणीतरी विचारतं की मग आपल्याकडे असं का नाही. आहे की थोडं थोडं. नाशिकला द्राक्षाच्या मळ्यांत लोक वाइन प्यायला जातात अन् त्याचा नाशिककरांना अभिमान पण आहे, नाशिक व्हॅली वाइनला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मधे मिळाला. पुण्यात २००९ मधेच डूलाली हा ब्रुपब, म्हणजे स्वतःची बिअर करणारा पब, सुरू झाला, तिथला ब्रुअर जर्मन होता, ऑलिव्हर शाउफ, त्यानंतर पुण्यात ब्रुपबची लाइन लागली. बाम्बेर्गच्या स्टेशनजवळ वायरमान म्हणून १८७९ पासूनची लाल-पिवळ्या विटांची माल्ट फॅक्टरी आहे, मुंढव्याच्या बाजूला एका ब्रुपबमधे मित्रानं मला त्यांचंच पोतं दाखवलं तेव्हा गावाकडचं कोणी भेटल्यासारखं झालं होतं. म्हणजे कुठलं गावाकडचं बघा आता.

पण विदर्भात? आमच्याकडे दारूचा अभिमान हा विषय एवढा सोपा नाही. शेजारी वर्धा, गांधीजींमुळे दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, ती बायकांनी अन् गावांनी लढून आणलेली, चंद्रपूरला २०१५ मधे आली अन् २०२१ मधे उठली. गावागावात 'आडवी बाटली'ला, म्हणजे दारूबंदीला, मतदान करणाऱ्या बायकांना मी कुठल्या तोंडानं सांगू की मोहाची दारू हा आपला हेरिटेज आहे, त्याचा ट्रेल काढू या, शिक्के मारू या. मोहफुलाचा वास मला आवडतो, मेळघाटात मार्च-एप्रिलमधे पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो तो बघण्यासारखा असतो, अन् मोहाचे लाडू कोणी चांगले करून विकले तर मी पहिला घेईन. पण केलरवर जे मी बघतो, तीन पिढ्या एका टेबलावर, आजीच्या हातात सायडला, पोरगं झोक्यावर, अन् कोणी झिंगून पडलेलं नाही, ते आमच्याकडे 'परमिट रूम' लिहिलेल्या, काळ्या काचांच्या, पडदा लावलेल्या दारामागे कसं यायचं. जिथे घरून निघताना खोटं बोलून जावं लागतं तिथे अभिमान कसला, अन् घरच्या बाईच्या बाजूनं बघितलं तर ते खोटं अन् तो पडदा का आहे हेही कळतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. रोडग्यांचा ट्रेल मात्र निघू शकतो, गावोगावचे रोडगे, प्रत्येकाच्या भरताची पद्धत वेगळी, त्यावर भांडायला आम्ही तयार आहोत.

मागच्या डिसेंबरमधे सुट्टीवर घरी गेलो होतो. शेतावर रोडगे झाले, बाबांनी यावेळी हट्टानं गोवऱ्यांमधे बाभळीचं लाकूड घातलं होतं, धूर इतका झाला की शेजारच्या वावरातून माणूस बघायला आला. काका, मामा, बाबांचे ऑफिसवाले मित्र सगळे, अन् बाबा सगळ्यांना सांगत होते की जर्मनीत एक गाव आहे, तिथे हाच वास ग्लासात भरून देतात. कोणाचा विश्वास बसेना. बाबा घरी आल्यावर सगळ्यांना फ्रिजपाशी घेऊन गेले, तिथे साईबाबांच्या मॅग्नेटखाली तो पुठ्ठा लावलेला आहे, म्हणाले हे बघा, इथे बसून पिलो, दोन ग्लास.

आई मागून म्हणाली, रेघा मोजा. चार होत्या.